संगणकाच्या पोटातला संगणक

तिचं खरं नाव तिला फक्त सही करताना आठवायचं. घरचे, दारचे, दुकानाशेजारचा चष्मेवाला, सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. नाव ठेवलं होतं बाबांनी, ती लहान असताना. पोरगी जेवताना उठायची, अभ्यास करताना उठायची, फोटो काढताना तर हमखास हलायची. घरातल्या एकाही जुन्या फोटोत तिला धड नाक-डोळे नाहीत. पन्नाशी उलटली तरी गुण तेच. खुर्चीत बसली की एक पाय हलत राहायचा, आणि पाय आवरला की बोटं सुरू व्हायची. टेबल असो, दाराची चौकट असो, समोरच्या माणसाची फाईल असो, तिच्या बोटांची टकटक चालूच. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत नवऱ्याने मोठा पलंग विकून दोन वेगळे पलंग आणले. भांडण वगैरे काही नव्हतं हो, बिचाऱ्याला झोप हवी होती.

या सगळ्याचा घोर कुणाला लागला असेल तर बाबांना. लग्नाआधी ती घरी असताना त्यांना थोडंफार ऐकू यायचं. शेजारच्या खोलीत लेकीच्या येरझाऱ्या आणि ती टकटक ऐकू आली की ते पेपर खाली ठेवायचे आणि आईला म्हणायचे, "हिला काय होतंय, जरा विचार. एवढी अस्वस्थ का असते ही?" आई म्हणायची, "काही होत नाही, स्वभाव आहे." बाबांना ते पटायचं नाही. लेकीला विचारावं तर ती "काही नाही" म्हणून पळायची. मग ते एकटेच जीव जाळत बसायचे.

आणि हिने धंदा निवडला तो कसला, तर कानाची मशीनं बसवण्याचा! तळमजल्यावर दुकान, वर घर, आणि आई-बाबाही तिच्याकडेच राहायला आलेले. दुकानात एक काचेचं दार, मागे जाड पडदे लावलेली तपासायची खोली, एक टेबल आणि टेबलावर संगणक. कमी ऐकू येणारी माणसं यायची. ती त्यांचे कान तपासायची, मशीन एका छोट्या डबीला जोडायची, डबी तारेने संगणकाला, आणि पडद्यावर बघत बघत मशीनचा आवाज त्या माणसाच्या कानाला बसवायची. जाडे आवाज इतके, बारीक आवाज इतके. गिऱ्हाइकं तिच्यावर खूश असायची, कारण तिच्याकडे कुणाला ताटकळावं लागायचं नाही. मुळात तिलाच दम निघायचा नाही.

बाबांचं आयुष्य गेलं छापखान्यात. यंत्रांच्या धडधडाटाने हळूहळू कान गेले ते गेलेच. भिंगरीने काम शिकून पहिलं मशीन बसवलं ते बाबांच्या कानात. त्यानंतर कितीतरी नवी मशीनं आली, चण्याएवढी, फोनला जोडता येणारी. तिने हौसेने आणून दिली. बाबा दोन दिवस घालायचे आणि काढून ठेवायचे. "पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं येतं. माझं जुनं दे."

आता ते जुनं मशीन म्हणजे खरं तर आईने बसवलेलं. बटणं दाबली लेकीने, पण हुकूम सगळे आईचे. आई मधूनच जिना उतरून दुकानात यायची, गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी सरळ आत. "अगं, भांडी आपटली की दचकतात, ते कमी कर." पुढच्या खेपेला, "माझा आवाज वाढव जरा. हाक मारली की ऐकू न आल्याचं सोंग घेतात." आणि एकदा, दार लावून घेऊन, "ते बारीक टकटक, खुटखुट वाजतं ना, ते सगळं काप. जरासं नको, अगदी काप." भिंगरीने तेही करून दिलं. तिला वाटलं, चमचे-ताटल्यांचं म्हणत असेल. असं करत करत मशीन बाबांच्या कानाला इतकं बेमालूम बसलं की आई आत काही पुटपुटली तरी बाबा बाहेरून उत्तर द्यायचे, आणि मग त्यावरून वाद. आई गेली. मशीनमध्ये तिचे हुकूम तेवढे राहिले.

या वर्षी बाबांना मोठं आजारपण आलं. बरे झाले, पण वजन उतरलं, गाल आत गेले आणि मशीन कानात सैल बसायला लागलं. सैल बसलं की मशीन शिट्टी मारतं. घास घेताना शिट्टी, मान वळवताना शिट्टी. भिंगरीने कानात बसणारा रबरी तुकडा नवा करून दिला, तरी थांबेना. आतला आवाज थोडासा, अगदी थोडासा उतरवायला हवा होता, बस. पण तेवढंच होईना, आणि बाबांनी मशीन काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि बोलणं सोडलं. रागावून नव्हे. ऐकूच येत नाही तर बोलायचं काय, असं. कुणी काही विचारलं की हसायचे. भलत्याच ठिकाणी "हो हो" म्हणायचे. ते हसू भिंगरीला बघवत नसे. ती जेवण वाढून लगेच खाली निघून यायची आणि दुकानातल्या स्वच्छच असलेल्या वस्तू पुन्हा पुन्हा पुसत बसायची.

काम थोडंसंच, मग अडलं कुठे? अडलं ते असं. त्या जुन्या मशीनचा कारखाना कधीच बंद पडलेला. त्याचा प्रोग्राम जुन्या काळच्या सिस्टिमवरच चालायचा, आणि ती सिस्टिम होती दुकानातल्या जुन्या संगणकावर. तो संगणक एका सकाळी धूर सोडून बंद पडला. दुसऱ्या कुणी तो निदान उघडून तरी बघितला असता. हिने त्याच दिवशी भंगारवाल्याला उचलून दिला. म्हणे, अडगळ गेली! नव्या संगणकात जुन्या प्रोग्रामची सीडी घातली तर तो सरळ सांगायचा, हे माझ्यावर चालणार नाही.

"मग नव्यावरचं सगळं पुसते आणि जुनी सिस्टिमच टाकते," भिंगरीने नणंदेला फोनवर सांगितलं. नणंद बँकेतले संगणक सांभाळायची.

"वहिनी, माऊसवरचा हात काढ."

"काढला."

"खोटं बोलू नकोस, टकटक मला इथपर्यंत ऐकू येतेय. तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या फायली त्या संगणकात आहेत. पुसतेस काय! मी सांगते तसं कर. नव्या संगणकात एक प्रोग्राम टाकायचा. तो आत एक खोटा संगणक उभा करतो, पेटीत बंद केल्यासारखा. खोटी मेमरी, खोटी डिस्क. त्यात तुझी जुनी सिस्टिम टाकायची. तिला वाटतं, आपण खऱ्या संगणकावर बसलोय. बाहेरच्या फायलींना ती शिवतसुद्धा नाही."

"म्हणजे संगणकाच्या पोटात संगणक."

"हं. पण तुझ्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, निवांत. आणि मी फोनवर असताना. एकटीने काही दाबायचं नाही. शपथ घे."

भिंगरीने शपथ घेतली. तिच्या शपथेची किंमत नणंदेला ठाऊक होती, पण करता काय?

सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकानाचं दार आतून लावून भिंगरी बसली. फोन स्पीकरवर. नणंदेने पहिलं काम सांगितलं, सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे.

"कशाला? आतला संगणक बाहेरच्याला शिवत नाही म्हणालीस ना?"

"तो शिवत नाही. तू शिवतेस. उतरवून घे, आणि त्यातल्या चार-पाच उघडून बघ, उघडतात का."

पडद्यावर ती हिरवी पट्टी गोगलगाईच्या चालीने सरकत होती. भिंगरी उठली, खिडकी उघडली, बंद केली, वर जाऊन बाबांकडे डोकावून आली. बाबा खिडकीतून रस्ता बघत बसले होते. खाली रस्त्यावर कुणीतरी त्यांना हात केला, काहीतरी विचारलं. बाबा हसले आणि मान डोलावली. विचारणारा थोडा वेळ उत्तराची वाट बघून निघून गेला. ती दोन दोन पायऱ्या उतरत खाली आली.

"झालं का गं एकदाचं?"

"पट्टी तुझ्यासमोर आहे, मला काय विचारतेस? बरं, आता तो प्रोग्राम उतरवायचा. ज्यांनी बनवला त्यांच्याच साइटवरून. ते मोठं हिरवं बटण दिसतंय, ते दाबू नकोस, ती जाहिरात आहे."

"नाही दाबलं."

"दाबणार होतीस."

"वन्सं," भिंगरी म्हणाली, आणि नणंदेला वन्सं म्हणायची वेळ फक्त चिडल्यावर यायची, "पुढचं सांगता का?"

पुढचं सांगणं म्हणजे या दोघींची झटापटच. खोट्या संगणकाला मेमरी किती द्यायची? भिंगरी म्हणाली, भरपूर देते, पळेल भराभर. नणंद म्हणाली, पाव हिस्सा दे, बाहेरच्याला उपाशी ठेवलंस तर दोघंही बसतील. डिस्क केवढी? छोटीशीच, लागेल तशी वाढणारी. आणि इंटरनेट? ते बंद. अगदी तोडून टाक.

"का पण?"

"त्या जुन्या सिस्टिमची राखण करणारं आता कुणी नाही. तिच्या काळानंतर जे व्हायरस निघाले ते तिला ओळखता येत नाहीत. तिला खिडकीच दाखवायची नाही. बाहेरच्या फोल्डरचं दारही लावून घे. तुला फक्त ती डबी जोडायची आहे ना? मग तेवढीच तार आत जाऊ दे."

जुन्या सिस्टिमची सीडी तिच्याकडे होती, मूळची, खरेदीची. ती वाचायचं यंत्र बाहेरून जोडलं. खिडकीच्या आत एक छोटी निळी खिडकी उघडली आणि तो जुना, विसरलेला पडदा दिसला. भिंगरीला हसू आलं. मग त्या निळ्या पडद्याने विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसून टाकू का? आणि हसू पळालं.

"अगं, हे सगळं पुसतो म्हणतंय!" ती ओरडली. एरवी विचार न करता बटणं दाबणारी बाई, पण या वेळी तिचा हात खरंच मागे आला.

"आतल्या डिस्कबद्दल विचारतोय तो. खोट्या. आकडा बघ, आपणच एवढीशी दिली ना? तीच आहे. दाब."

भिंगरीने डोळे मिटून दाबलं. मग एक डोळा उघडून बाहेरचं फोल्डर बघितलं. सगळ्या फायली जागच्या जागी. ती खुर्चीत मागे रेलली आणि तिचा पाय पुन्हा हलायला लागला.

सिस्टिम बसली. मशीनचा जुना प्रोग्रामही बसला, एक शब्द न बोलता. नणंद म्हणाली, "आता याचा फोटो काढ. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. पुढे काहीही बिघडलं की या फोटोवर परत यायचं. आत्ता जसं आहे तस्सं होतं सगळं."

"सगळं?"

"करून बघ हवं तर."

भिंगरीने करून बघितलं. आतल्या संगणकातला मशीनचा प्रोग्रामच तिने उडवून टाकला. सिस्टिमच्या चार फायली फेकल्या. निळी खिडकी रडकुंडीला येऊन गोठली. मग तिने फोटोवर परत जायचं बटण दाबलं, आणि क्षणात सगळं पहिल्यासारखं, जणू कुणी हातच लावला नव्हता. अहो, काय आनंद झाला तिला! जन्मभर घाई करून करून पस्तावलेली बाई ती. बोललेलं परत घेता आलं नाही, टाकलेलं परत आणता आलं नाही, भंगारात दिलेलं तर नाहीच नाही. आणि इथे एक बटण होतं. तिने पुन्हा मोडलं, पुन्हा जोडलं. लहान पोरीसारखी हसत होती.

"झालं का खेळून?" नणंद म्हणाली. "मला आता मीटिंगला जायचंय. एक मात्र लक्षात ठेव, वहिनी, हे मागे जाणं आहे ना, ते फक्त पेटीच्या—"

"हो हो, कळलं," भिंगरी म्हणाली आणि फोन ठेवून दिला. ती धावत जिन्याकडे गेली.

बाबांना तिने हाताला धरून खाली आणलं आणि टेबलाजवळ बसवलं. खिशातलं मशीन काढून डबीला जोडलं, त्यांच्या कानात घातलं. डबीची तार संगणकाला लावली. बाहेरच्या संगणकाने विचारलं, ही वस्तू आत देऊ का? दे. डबीवरचा दिवा हिरवा झाला. आतल्या जुन्या प्रोग्रामने मशीन वाचायला घेतलं, आणि पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ हळूहळू उमटली.

भिंगरीने ती रेघ लगेच ओळखली. मधला तो उंचवटा म्हणजे आईचा आवाज. त्याच्या पलीकडचा खड्डा म्हणजे भांडी. आणि उजव्या टोकाला, जिथे बारीक आवाज असतात, तिथे रेघ सरळ खाली कोसळलेली. तिथे काहीच नव्हतं. कुठल्याही पुस्तकात अशी रेघ सापडली नसती. तिने फाईल जतन केली. आता फक्त आवाज एक पायरी उतरवायचा आणि मशीनमध्ये लिहायचा.

प्रोग्राम नव्याने बसवलेला, त्याला काय माहीत? त्याने नव्या गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, कानाच्या तपासणीवरून बसवणी नव्याने करून मशीनमध्ये भरू का? भिंगरीने ते वाचलं का? अर्धं वाचलं. "हो" दाबून ती मोकळी झाली.

बाबांनी कानाला हात लावला आणि तोंड वाकडं केलं. "डबा," ते म्हणाले. "पत्र्याचा डबा झाला."

"थांबा थांबा, बाबा. काही नाही. आत्ता मागे नेते." ती घाबरलीही नाही. घाबरायचं कशाला, बटण होतं ना! तिने फोटोवर परत जायचं बटण दाबलं. खिडकी एकदा काळी होऊन पुन्हा निळी झाली. प्रोग्राम कोराकरकरीत, जणू अजून काही घडलंच नाही.

"आता?"

"डबाच," बाबा म्हणाले.

तिने मशीन पुन्हा वाचलं. पडद्यावर रेघ आली. सुबक, गुळगुळीत, पुस्तकातल्यासारखी. उंचवटा नाही, खड्डा नाही. तिने जतन केलेली फाईल शोधली. फाईल नव्हती. सगळे फोल्डर उघडले. कुठेच नव्हती. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. संगणक मागे गेला होता. कानातलं मशीन गेलं नव्हतं. ते पेटीत नव्हतंच, ते बाबांच्या कानात होतं. आणि फाईल होती ती पेटीत, फोटो काढल्यानंतरची. पेटी मागे नेताना तिने ती स्वतःच्या हाताने पुसली होती.

नणंदेचा फोन मीटिंगमध्येच लागला. भिंगरीचा आवाज ऐकून ती बाहेर आली असावी.

"मी तेच सांगत होते गं," नणंद हळू म्हणाली. "मागे जातं ते पेटीच्या आतलं. तारेच्या बाहेरच्या टोकाला जे असतं ते खरं असतं. तुझ्या जुन्या संगणकावर तरी असेल ना ती फाईल?"

"भंगारात."

नणंद नेहमीसारखी करवादली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "काका कुठे आहेत?"

"समोर बसलेत."

"मग फोन ठेव, वहिनी. त्यांच्याशी बोल."

भिंगरी बाबांसमोर उभी राहिली. तिचा पाय हलत नव्हता. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते, तेच ते हसू ओठांवर घेऊन.

"बाबा, गेलं," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्या हातून गेलं."

"काय?"

"आईने बसवलेलं. सगळं पुसलं गेलं. परत नाही येणार."

डब्यातून का होईना, बाबांना तेवढं ऐकू गेलं. हसू उतरलं. त्यांनी कानातलं मशीन बोटाने चाचपलं, तिथे काही सांडलंय का बघतात तसं. "तिचा आवाज?"

भिंगरीने होकाराची मान हलवली आणि ती रडायला लागली, अगदी हुंदके देऊन. "मी मूर्ख आहे, बाबा. मला धीर नाही. एक वाक्य पुरतं ऐकून घेता येत नाही मला, आणि मी लोकांचे कान बसवते!"

बाबांनी समोरची खुर्ची पायाने तिच्याकडे ढकलली. "बस. नवीन बसव."

"पण—"

"तिचा आवाज आता कुठे येणार आहे बाहेरून? तुझा येईल. तुझ्या आवाजावर बसव. तुझी आई कशी करायची? तू बटणं दाबायचीस तेव्हा समोर बसून वाचायची काहीतरी. तू वाच."

वाचायला टेबलावर होतं काय, तर बाबांनी नाकारलेल्या नव्या मशीनची माहितीपुस्तिका. भिंगरीने नाक पुसलं आणि वाचायला घेतलं. "हे मशीन पाण्यापासून दूर ठेवावे."

"हळू. कुणी पाठीला लागलंय का तुझ्या?"

"हे मशीन... पाण्यापासून... दूर ठेवावे."

"आता ठीक. जाडं येतंय. जरा पातळ कर."

तिने जरा पातळ केलं. या वेळी प्रत्येक बदलाआधी मशीन वाचून, फाईल जतन करून, त्यानंतर फोटो. पडद्यावरचं प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत वाचून. एक वाक्य पुस्तिकेतलं, एक बटण, मग बाबांचं तोंड बघायचं. पुढे ढकल, मागे घे. एवढा वेळ ती बाबांसमोर आयुष्यात बसली नव्हती. गिऱ्हाइकांना बसवून देते त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. आवाज पायरीपायरीने उतरवला तशी शिट्टी थांबली. बाबांनी मान डावीकडे वळवून बघितली, उजवीकडे वळवून बघितली, तोंड उघडून मिटून बघितलं. शिट्टी नाही.

"डबा गेला का?"

"निम्मा गेला. आता माणूस बोलल्यासारखं वाटतंय. कोण ते कळत नाही, पण माणूस."

ती हसली. बाबाही हसले, आणि या वेळी योग्य ठिकाणी. उरले होते ते बारीक आवाज. त्यांच्याशिवाय शब्दांच्या कडा स्पष्ट होत नाहीत, म्हणून पुस्तकात सांगतात तसे तिने ते उचलले. थोडे, मग आणखी थोडे. "शिलाई, शिसं, साखर, सशाची शेपटी," ती पुस्तिका सोडून मनचंच म्हणत गेली, आणि बाबा प्रत्येक शब्द तिच्यामागून बिनचूक म्हणत गेले. तिच्या जीवात जीव आला. ती मागे टेकली.

"हे काय वाजतंय?" बाबा म्हणाले.

"कुठे काय?"

"टकटक. घड्याळ आणलंस का नवीन?"

दुकानात घड्याळ नव्हतं. बाबा कान देऊन ऐकत होते. त्यांनी भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग खाली वाकून टेबलाच्या कडेकडे. तिथे भिंगरीचा हात होता. तिने बोटं मुठीत घेतली. आवाज थांबला.

"तू वाजवत होतीस?"

"सवय आहे, बाबा."

"केव्हापासूनची?"

"केव्हापासूनची म्हणजे? कायमचीच. तुम्हाला ठाऊक नाही का?"

"ती लहानपणची. ती गेली होती ना?" बाबा गोंधळून तिच्याकडे बघत होते. "तुझी आई म्हणाली होती. हे मशीन घातल्यावर मला वाटलं, आता परत ते सगळं ऐकू येणार, तुझं फिरणं, तुझी ती टकटक. दोन-चार दिवस यायचंही. मग थांबलं. मी तिला विचारलं तर म्हणाली, पोरगी आता शांत झाली. संसाराला लागली, दुकान लागलं, स्वस्थ बसते आता. मी म्हटलं, चला, सुटली एकदाची. केवढं ओझं उतरलं माझं. इतकी वर्षं मी वर खिडकीत बसून तेच म्हणतोय, आपली भिंगरी स्वस्थ झाली."

जरासं नको, अगदी काप. दार लावून घेऊन आई म्हणाली होती. चमच्यांसाठी नव्हतं ते. भिंगरीच्याच हाताने आईने भिंगरीचा आवाज कापून घेतला होता, म्हणजे बाबांचा घोर मिटावा. आणि भिंगरीला वाटत होतं, बाबांना आपली सवय झाली असेल, म्हणून ते काही विचारत नाहीत.

"ते कापते मी," ती घाईघाईने म्हणाली. "पूर्वी तसंच होतं. बारीक आवाज कापले की येणार नाही ऐकू. एका मिनिटात करते."

तिने माऊसकडे हात नेला. बाबांनी तो वाटेतच धरला.

"राहू दे."

"त्रास होईल तुम्हाला. दिवसभर वाजत असतं हे."

"होऊ दे." त्यांनी तिची मूठ टेबलावर ठेवली आणि बोटं एकेक करून उघडली. "आईला मी शंभरदा म्हटलं, हिला विचार, हिला विचार. स्वतः नीट बसवून कधी विचारलंच नाही. तू पळायचीस आणि मी पळू द्यायचो. काय होतं गं तुला?"

"काही नाही, बाबा," ती सवयीने म्हणाली.

ती उठायला निघाली होती. वर काहीतरी गॅसवर ठेवलंय, असं तोंडावर आलंही होतं. पण बाबांच्या हातात तिचा हात होता, आणि ते हसत नव्हते, मान डोलवत नव्हते, तिच्याकडे बघत नुसते थांबले होते. भिंगरी परत बसली. तिने सांगायला तोंड उघडलं, आणि बोटं आपोआप टेबलावर सुरू झाली.

बाबांनी मशीन कानात दाबून नीट बसवलं आणि खुर्ची पुढे ओढली. "हं," ते म्हणाले. "हळू सांग."